बीए संस्कृत किंवा तत्त्वज्ञान करायचंय? कोकणातल्या छोट्या कॉलेजात अ‍ॅडमिशन कसं घ्यायचं

बारावी कुठल्याही शाखेतून पास असलात तरी बीएला बसता येतं, सायन्सवाल्यांनापण. पण फॉर्मच्या आधी एक काम करा, कॉलेजात फोन लावून सरळ विचारा की हा विषय यंदा मेजर म्हणजे मुख्य विषय म्हणून तिसऱ्या वर्षापर्यंत चालणार आहे का. छोट्या कॉलेजात माहितीपत्रकावर विषय छापलेला असतो, पोरं चारच आली की ऑफिसवाले म्हणतात मराठी घे नाहीतर इतिहास घे, आणि तोवर दुसरीकडच्या तारखा गेलेल्या असतात. शक्यतो विषय शिकवणाऱ्या सर-मॅडमशीच बोला, खरं काय ते त्यांनाच माहीत असतं. शाळेत संस्कृत नव्हतं तेही तेव्हाच सांगून टाका.

रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडची बहुतेक कॉलेजं मुंबई विद्यापीठाची, म्हणून आधी विद्यापीठाच्या साइटवर प्रवेशपूर्व ऑनलाइन नोंदणी आणि मग त्याची प्रिंट जोडून कॉलेजचा वेगळा फॉर्म. नुसती नोंदणी केली म्हणजे अ‍ॅडमिशन झालं असं समजून घरी बसू नका, यादीत नाव आल्यावर दिलेल्या मुदतीत फी भरावी लागते.

कागदपत्रं म्हणजे दहावी-बारावीची मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, फोटो. दाखल्याची ओरिजनल कॉलेज ठेवून घेतं, तेव्हा झेरॉक्स आधीच काढा. सीबीएसई वगैरे दुसऱ्या बोर्डाचे असाल तर मायग्रेशन (त्या बोर्डाचं स्थलांतर प्रमाणपत्र) लागतं, मध्ये गॅप असेल तर प्रतिज्ञापत्र मागतात, लग्नानंतर नाव बदललेल्या ताईंनी विवाह नोंदणीचा दाखला किंवा गॅझेट सोबत ठेवावं. ओबीसींना जातीच्या दाखल्यासोबत नॉन-क्रिमीलेअर लागतं, एससी-एसटींना ते लागत नाही. हे दाखले निकालाच्या आधीच सेतूत टाका हो, जूनमध्ये तिथे रांग, बाहेर धो धो पाऊस आणि लाईट गेली की सर्व्हर बंद!

फक्त संस्कृतच हवं असेल तर रामटेकच्या कालिदास संस्कृत विद्यापीठाचं रत्नागिरीला उपकेंद्र आहे, त्याला पां. वा. काणे यांचं नाव दिलंय (धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे, 1963 चे भारतरत्न, रत्नागिरी जिल्ह्यातलेच). विद्यापीठ वेगळं म्हणजे अर्ज आणि तारखाही वेगळ्या, मुंबईच्या नोंदणीवर तिथे भागत नाही.

स्कॉलरशिप आपोआप येत नाही, अ‍ॅडमिशन झाल्यावर महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या स्कॉलरशिपच्या साइटवर, स्वतः फॉर्म भरायचा, बँक खातं आधारला लिंक असलेलंच हवं.