कोयना-वारणेचा भ्रंश आणि सीमाभागाचा ‘झोन तीन’ : पार्श्वभूमी

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेपर्यंत दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने निर्धोक समजले जात होते. त्या पहाटे कोयनानगर कोसळले आणि हा समज मोडला. धरणात पाणी साठल्यावर भ्रंशावरचा, म्हणजे खडक जिथे सरकतात त्या खोल भेगेवरचा, दाब कसा बदलतो, यावर तेव्हापासून भरपूर लिहिले गेले आहे.

बेळगाव-निपाणीच्या सीमाभागाशी जास्त संबंध येतो तो पुढच्या काळाचा. वारणेचे धरण १९८५ च्या सुमारास भरू लागले आणि भूकंपांची हालचाल दक्षिणेकडे सरकली. १९९३ च्या डिसेंबरात आणि १९९४ च्या फेब्रुवारीत तिथे पाचपेक्षा मोठे धक्के बसले. कोयनानगर बेळगावपासून पावणेदोनशे किलोमीटरहून लांब आहे, पण वारणेचे धरण निपाणीपासून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरच भरते. शिवाय इथले बहुतेक भूकंप दहा किलोमीटरपेक्षा कमी खोलीवर होतात.

भ्रंश जवळून पाहण्यासाठी कोयना परिसरातल्या गोठणे इथे तीन किलोमीटर खोल विंधनविवर घेतले गेले. २०१७ मध्ये ते पुरे झाले. सुमारे सव्वा किलोमीटर काळ्या बसाल्टचे थर एकावर एक निघाले आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट लागला. मधे गाळाचा खडक नाहीच. म्हणजे भूकंप जिथे जन्मतात तो जुना, भेगाळलेला खडक बसाल्टच्या झाकणाखाली आहे, आणि जमिनीवरून त्याचा अंदाज बांधणे अवघड का जात होते हेही त्यातून उलगडते.

वाद आहे तो झोनच्या नकाशाचा, म्हणजे भूकंपाच्या धोक्यानुसार देशाचे भाग पाडणाऱ्या नकाशाचा; झोनचा आकडा मोठा तसा धोका जास्त. भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकातला पहिला नकाशा १९६२ चा. त्यात कोयनेचा परिसर कमी धोक्यात होता. १९६७ नंतर, १९७० मध्ये, नकाशा बदलून कोयना झोन चारमध्ये गेली. किल्लारी मात्र झोन एकमध्येच राहिली, आणि १९९३ मध्ये तिथे काय झाले ते सगळ्यांना ठाऊक आहे. २००२ मध्ये झोन एक हा वर्गच रद्द झाला. नकाशा दर वेळी भूकंपाच्या मागून धावला, हा आक्षेप मला खरा वाटतो. २००२ च्या त्या मानकाच्या यादीत बेळगाव झोन तीनमध्ये आहे, गुणांक (बांधकाम किती हादऱ्यासाठी आखायचे ते सांगणारा आकडा) ०.१६, झोन चारचा ०.२४. कागदावर याला ‘मध्यम’ म्हणतात आणि इकडे त्याचा अर्थ ‘आपल्याला काही होत नाही’ असा घेतला जातो. तो चुकीचा आहे. झोन तीन म्हणजे सातव्या तीव्रतेपर्यंतचा (हे त्या जागी किती हादरते याचे माप, रिश्टरचा आकडा नव्हे) हादरा गृहीत धरणे, आणि त्या तीव्रतेला दगड-मातीच्या भिंतींना मोठ्या चिरा पडतात.

सीमाभागातल्या गावांत अशी घरे अजून आहेत. दीड-दोन फूट जाडीची भिंत, आत-बाहेर दगडांचे दोन थर, मधे माती आणि चिपा, वर कौलांचा भार. दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड नसले की हादऱ्यात बाहेरचा थर सुटून पडतो. किल्लारीत बळी घेतले ते अशाच भिंतींनी. गुणांक लागू होतो नव्या बांधकामाच्या आराखड्याला. जुन्या घरांच्या मजबुतीचा प्रश्न त्याने सुटत नाही, आणि धक्क्यांची चर्चा महाराष्ट्राच्या हद्दीत होते म्हणून तो निपाणी-खानापुरात फारसा विचारलाही जात नाही.