हलक्या गाडीला कडक स्प्रिंग सोसत नाही

गाडीला लिफ्ट किट बसवायचं ठरलं की दुकानदार मागच्या बाजूसाठी बहुतेक वेळा 'हेवी ड्यूटी' स्प्रिंग पुढे करतो. नावात दम असतो, गाडी दोन इंच उंच दिसते, गिऱ्हाईक खूश होतं. मग पहिल्याच खडकाळ वाटेवर मागचं एक चाक हवेत लटकतं आणि जागच्या जागी गरगरतं. आधी जी चढण गाडी सहज घेत होती, तिथेच ती आता अडते. यामागचं गणित शाळेतल्या बेरीज-वजाबाकीचं आहे.

उदाहरणाला सुझुकी जिम्नी घेऊ. भारतात २०२३ साली आलेली तिची पाच दारी आवृत्ती साधारण १,२०० किलोची आहे. पुढे आणि मागे दोन्हीकडे अखंड एक्सल (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा एकसंध आस), त्यावर कॉइल, म्हणजे वेढ्यांच्या स्प्रिंगा. चालक एकटाच बसला असताना मागच्या एकेका स्प्रिंगवर २२० किलो भार येतो असं धरून चालू. (एक्सल आणि चाकांचं वजन यात नाही, कारण ते स्प्रिंगच्या खाली असतं.) समजा, स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला अडीच किलो जोर लागतो. म्हणजे गाडी उभी असताना ती ८८ मिलिमीटर दबलेली असणार.

आता हे चाक खड्ड्यावर आलं. त्याला खाली ढकलते ती ही दबलेली स्प्रिंग. चाक जसं खाली जातं तशी स्प्रिंग मोकळी होते आणि दर मिलिमीटरला तिचा अडीच किलो जोर कमी होतो. ८८ मिलिमीटरला तो शून्यावर येतो. त्यापुढे टायरवर उरतो फक्त एक्सल आणि चाकाचा स्वतःचा भार. त्याच जागी मिलिमीटरला १.८ किलोची स्प्रिंग असती, तर ती मुळात १२२ मिलिमीटर दबली असती आणि चाक ८८ मिलिमीटर खाली गेल्यावरही तिने ६० किलोच्या वर जोर लावला असता. अखंड एक्सलवर स्प्रिंगा चाकांच्या आतल्या बाजूला असल्याने प्रत्यक्षातले आकडे थोडे बदलतात, दोन स्प्रिंगांमधला फरक मात्र राहतोच.

हे ६० किलो फार मोलाचे. टायरची पकड त्याच्यावरच्या भारावर ठरते, आणि साध्या डिफरेन्शियलमध्ये (एक्सलवरच्या दोन चाकांना इंजिनाची ताकद वाटणाऱ्या गिअरांत) दोन्ही चाकांना सारखाच पीळ, म्हणजे टॉर्क, मिळतो. तो किती मिळणार हे ज्या चाकाची पकड कमी ते ठरवतं. एक चाक रिकामं झालं की दुसरं कोरड्या कातळावर असूनही हतबल. आजकालच्या गाड्यांत गरगरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा असते, जिम्नीतही आहे. पण ती घसरणं सुरू झाल्यावर जागी होते.

अडीच किलोची तीच स्प्रिंग दुप्पट वजनाच्या गाडीखाली घाला, आणि ती मऊ ठरेल. कडक की मऊ हे वरच्या वजनाशी ताडून बघायचं असतं. ऑस्ट्रेलियातल्या 'ओल्ड मॅन इमू'सारख्या ब्रँडच्या स्प्रिंगा म्हणूनच हलका, मध्यम, जड अशा भारांनुसार विकल्या जातात. जड भाराची स्प्रिंग लोखंडी बंपर, छतावरचा तंबू, जास्तीची टाकी कायम वाहणाऱ्यांसाठी असते. शनिवार-रविवारी दोघं जण डबा घेऊन निघणार असतील, तर ती त्यांच्या काय कामाची?

स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. बाकी सगळं तेच ठेवून १२ मिलिमीटरची तार ११ची केली की कडकपणा सुमारे २९ टक्क्यांनी उतरतो. वरच्या उदाहरणातला अडीच ते १.८ हा सगळा प्रवास या एका मिलिमीटरचा! उलट, गाडी खाली बसवायला काही जण स्प्रिंगचा एखादा वेढा कापतात, तेव्हा काम करणारे वेढे घटून स्प्रिंग आणखी कडक होते. जिप्सीवाल्यांनी मऊपणासाठी पाटे काढून पाहिले, पण पाट्यांच्या स्प्रिंगेत एक पाटा काढला की गाडी बसते. कॉइलमध्ये उंची आणि कडकपणा वेगवेगळे ठरवता येतात. आपल्या उदाहरणात तीच उंची राखायला मऊ स्प्रिंग मोकळी असताना ३४ मिलिमीटर लांब हवी, एवढंच.

मऊपणाची किंमतही मोजावी लागते. मागे १५० किलोची भर पडली, म्हणजे एका स्प्रिंगवर ७५, तर कडक स्प्रिंग ३० मिलिमीटर दबेल, मऊ ४२. हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातील आणि बंपस्टॉप (चाकाची वरची हालचाल अडवणारा रबरी ठोकळा) लवकर धडकेल. वळणावर गाडी जास्त कलेल.

आणखी एक मुद्दा मॉरिस ऑली या अभियंत्याचा. १९३०च्या दशकात जनरल मोटर्समध्ये त्याने दाखवलं की मागची बाजू पुढच्यापेक्षा थोडी जलद डोलली तर गाडी कमी झुलते. उंचवटा आधी पुढच्या चाकाला लागतो, मागचं टोक उशिरा डोलायला लागतं, आणि जलद असेल तर पुढच्याला गाठतं. ताशी ६० किलोमीटरला जिम्नीच्या दोन एक्सलमधलं हे अंतर जेमतेम ०.१५ सेकंदाचं. मागची स्प्रिंग फार मऊ केली तर महामार्गावर गाडी होडीसारखी पुढे-मागे हलू लागते. दगडांतून रांगताना याचा काही फरक पडत नाही. त्यामुळे मी तरी रोज पुणे-मुंबई करणाऱ्या गाडीत फार मऊ स्प्रिंग घालणार नाही.

रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचा हा तिढा जुना आहे. १९७० सालच्या रेंज रोव्हरमध्ये स्पेन किंग नावाच्या अभियंत्याने आणि त्याच्या चमूने मुद्दाम मऊ, लांब पल्ल्याच्या कॉइल स्प्रिंगा घेतल्या आणि मागच्या एक्सलच्या मधोमध 'बोगे हायड्रोमॅट' हा दांडा बसवला. रस्त्याच्या हादऱ्यांवरच तो आतलं तेल पंप करून भरलेल्या गाडीचं बसलेलं बूड वर उचलायचा. आज स्प्रिंगेच्या आत बसणारी हवेची पिशवी मिळते. सामान भरलं की फुगवायची, वाटेला लागण्याआधी हवा कमी करायची, कारण फुगलेली पिशवी म्हणजे पुन्हा कडक स्प्रिंगच. दुसरा पर्याय वाढत्या कडकपणाच्या स्प्रिंगेचा. तिचे एका टोकाचे जवळजवळचे वेढे भार वाढला की एकमेकांना टेकून बाद होतात, आणि चाक लटकलं की पुन्हा उघडतात. थोडक्या खर्चात निभावायचं असेल तर माझा कौल हिला.

खरेदीआधी गाडी नेहमीच्या सामानासह वजनकाट्यावर न्या, फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून आकडा घ्या आणि स्प्रिंग विकणाऱ्याला तोच सांगा. स्प्रिंगचं डोलणं आवरणारा शॉकअपही विचारात घ्या. कडकपणा २८ टक्के उतरला की जुना शॉकअप नव्या स्प्रिंगेच्या मानाने सुमारे १८ टक्के जास्त आवळ ठरतो आणि चाकाला खाली पडायला उशीर लावतो. ब्रेकचा होज पूर्ण लटकलेल्या चाकापर्यंत पुरतो का ते जॅकवर तपासा. काही जुन्या गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब एक्सलला जोडलेल्या दांडीवरून ठरतो. त्या गाडीची उंची बदलली तर ती दांडी नव्याने लावून घेतल्याशिवाय गाडी गॅरेजबाहेर काढू नका.