डोमेनचं स्पेलिंग चुकलं, पैसे परत मिळतील का?

मिळतात, पण पहिल्या काही दिवसांतच, आणि सगळ्या नावांचे नाही. म्हणून बिलाबरोबर हे पत्रक देतो आहोत.

नोंदवलेल्या डोमेनमधलं, म्हणजे साइटच्या नावातलं, एक अक्षरही नंतर बदलता येत नाही. ‘तेवढा एक ई काढून आय करा ना’ अशी विनंती नेहमी येते, पण तशी सोयच नाही. चुकलेलं नाव रद्द करायचं आणि बरोबर नाव नव्याने, नवे पैसे भरून घ्यायचं. मालकाचं नाव, पत्ता किंवा ईमेल चुकला असेल तर मात्र तो दुरुस्त होतो, त्यासाठी काही रद्द करायला नको. ईमेलचं तेवढं लगेच कळवा. पडताळणीच्या मेलला १५ दिवसांत प्रतिसाद गेला नाही, तर साइट बंद पडू शकते.

डॉट कॉम, डॉट नेट, डॉट ऑर्ग अशा नावांना आयकॅनच्या, म्हणजे डोमेनचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या, व्यवस्थेत ५ दिवसांची सवलत असते. तेवढ्यात नाव रद्द झालं तर रजिस्ट्री (डॉट कॉमसारख्या नावांची मूळ यादी सांभाळणारी संस्था) रजिस्ट्रारचे (तिच्याकडे नाव नोंदवणाऱ्या कंपनीचे) पैसे परत करते, रजिस्ट्रार ते आमच्या खात्यात जमा करतो आणि आम्ही तुम्हाला देतो. आम्ही रिसेलर, म्हणजे रजिस्ट्रारची नावं तुम्हाला विकणारे. या साखळीत तुम्हाला सगळ्यात जवळचे आणि अधिकार सगळ्यात कमी असलेले! पूर्वी काही मंडळी ढिगाने नावं घ्यायची, जाहिरातीचे किती पैसे येतात ते बघायची आणि मुदत संपायच्या आत बाकीची परत करायची. म्हणून २००९ पासून रजिस्ट्रारला महिन्याच्या नव्या नोंदण्यांच्या १० टक्के किंवा ५० नावं, यांत जे जास्त असेल तेवढ्यांचेच पैसे परत मिळतात. आपोआप रजिस्ट्रारही हात आखडता घेतात.

आम्ही मात्र चूक ७२ तासांच्या आत कळवायला सांगतो. घड्याळ नोंदणीच्या क्षणी सुरू होतं, बिल हातात पडल्यावर नाही, आणि रविवारही त्यात धरला जातो. शुक्रवारी संध्याकाळी घेतलेल्या नावाची आमच्याकडची मुदत सोमवारी संध्याकाळी संपते. पाच दिवसांतला उरलेला वेळ रजिस्ट्रार आणि रजिस्ट्रीकडच्या कामाला लागतो.

डॉट इन आणि डॉट भारत ही नावं निक्सी या भारतातल्या संस्थेकडे असतात, त्यांना आयकॅनचा हा नियम लागू नाही. ती आणि प्रीमियम (जास्त किमतीची खास) नावं घेताना पैसे परत येणार नाहीत असंच धरून चाला. तरी चूक झालीच तर आम्ही रजिस्ट्रारला विचारतो आणि उत्तर आल्याशिवाय नाव रद्द करत नाही.

रद्द करायची घाई करू नका. आधी बरोबर नाव घेऊन ठेवा, मगच चुकलेलं सोडा. आणि चुकलेल्या नावावरून गिऱ्हाइकांना मेल गेल्या असतील, बँकेत किंवा जीएसटीच्या कामात तो पत्ता दिला असेल, तर ते नाव सोडूच नका. सोडलेलं नाव दुसरं कुणीही घेऊ शकतं, आणि मग तुमच्या मेल त्याच्याकडे जातात. वर्षभर ठेवा, बरोबर नावाकडे वळवून देतो. पुढे तो पत्ता सगळीकडून निघाला की मग बघू.

रकमेतून पेमेंट गेटवेचा आकार तेवढा वजा होतो. १८ टक्के जीएसटी क्रेडिट नोट काढून परत देतो, महाराष्ट्रातल्या बिलावर तो ९ आणि ९ असा दिसेल. इनपुट क्रेडिट घेतलं असेल तर तुमच्या सीएंना ती नोट दाखवा. तुम्ही लिहून दिलेलं नाव बरोबर होतं आणि टाइप करताना आमच्याकडून चुकलं, तर मुदत संपलेली असली तरी बरोबर नाव आमच्या खर्चाने.

चुका कुठे होतात तेही सांगतो. ‘श्री’ला डबल ई की आय, हे दुकानाच्या पाटीवर एक आणि पॅनकार्डावर दुसरंच असतं. ‘पाटील’मधला आय एक की ई दोन, यावर भागीदारांचं एकमत नसतं. सगळ्यात फसवी जोडी आर आणि एन. छोट्या लिपीत ती चिकटली की एम दिसते, आणि कर्णिकांचं ‘कामिक’ होतं. कुलकर्णींनीही सावध राहावं.

म्हणून फोनवर सांगितलेलं नाव आम्ही नोंदवत नाही. व्हॉट्सॅपवर ते कॅपिटल अक्षरांत, मध्ये जागा सोडून पाठवतो. एकेक अक्षर वाचून ‘बरोबर’ असं लिहून पाठवा. नुसता अंगठा चालत नाही.