जुनी लष्करी रायफल घासूनपुसून नवी केली की किंमत वाढते?

हा समज जुना आहे, पण किंमत उलट घटते. ली-एन्फिल्ड किंवा माउझर या जुन्या लष्करी रायफलींच्या लाकडी दस्त्यावर तपासनिसांचे बारीक ठसे असतात. सँडपेपरचे चार हात फिरले की ते कायमचे जातात, शिवाय लाकूड धातूच्या पातळीखाली उतरते ते वेगळेच. जाणता संग्राहक आधी तेच पाहतो, मग बोल्ट (काडतूस आत ढकलणारा सरकता दांडा) आणि रिसीव्हर (तो ज्यात बसतो तो धातूचा मुख्य भाग) यांवरचे क्रमांक जुळतात का ते. मळ कोरड्या कापडाने पुसा, कच्च्या जवस तेलाचा अगदी पातळ हात द्या, जादा तेल टिपा. (तेलाचा बोळा चुरगाळून ठेवू नका, आपोआप पेटू शकतो.) दुर्बीण हवीच असेल तर भोक न पाडता बसणारा माउंट (दुर्बीण धरणारी बैठक) घ्या आणि काढलेला मूळ स्क्रूसुद्धा जपा. बॅरल (नळी) आधीच कापलेली असेल, म्हणजे मूळ रूप गेलेलेच असेल, तर मात्र खुशाल बदल करा.