फुप्फुस-रोहिणी संकोच, अल्पऑक्सिजनजन्य

वायुकोशांतील (फुप्फुसातील हवेच्या सूक्ष्म पिशव्यांतील) ऑक्सिजन कमी झाला की त्यांना रक्त पुरविणाऱ्या फुप्फुस रोहिणीच्या बारीक शाखा आकुंचन पावतात. या प्रतिक्रियेला अल्पऑक्सिजनजन्य फुप्फुस-रोहिणी संकोच म्हणतात. शरीरात इतरत्र नेमके उलट घडते. स्नायू, हृदय किंवा मेंदू यांना ऑक्सिजन अपुरा पडला, तर तेथील रोहिण्या रुंदावतात. फुप्फुसात मात्र रक्त ऑक्सिजन देण्यासाठी नव्हे, तर घेण्यासाठी येते. कफाने तुंबलेल्या किंवा न्यूमोनियाग्रस्त भागात त्याला काही मिळायचे नसते, म्हणून ते हवेशीर भागाकडे वळविले जाते. वायुकोशातील ऑक्सिजनचा आंशिक दाब सुमारे ६० ते ७० मिमी. पाऱ्याच्या खाली उतरला की संकोच ठळक होतो. तो काही सेकंदांतच सुरू होतो.

शोधाचे श्रेय सामान्यतः स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेतील उल्फ फोन यूलर व योरान लिलिएस्ट्रँड यांना दिले जाते व प्रतिक्रियेलाही त्यांचेच नाव आहे. १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत भूल दिलेल्या मांजरांना कृत्रिम श्वसनावर ठेवून सुमारे १० ते ११ टक्के ऑक्सिजन असलेली हवा दिली, तेव्हा फुप्फुस रोहिणीतील दाब वाढला. शुद्ध ऑक्सिजनने तो किंचित उतरला. प्राणेशा तंत्रिका (मेंदूपासून हृदय व फुप्फुसांकडे जाणारी व्हेगस मज्जा) तोडूनही परिणाम टिकून राहिला, म्हणजे तो स्थानिक असावा. पण निरीक्षण याहून जुने आहे. ब्रॅडफर्ड व डीन यांनी श्वास कोंडल्यावर फुप्फुस रोहिणीतील दाब वाढतो, हे १८९४ मध्येच नोंदविले होते. श्वास कोंडल्यावर ऑक्सिजन घटतो आणि त्याच वेळी कार्बन डाय-ऑक्साइडही साचतो, त्यामुळे नेमके कारण त्या प्रयोगातून वेगळे काढता येत नाही. फ्रान्समध्ये बेन यांनी १९४२ च्या सुमारास, ऐन युद्धकाळात, कुत्र्यांवरील याच विषयाचे निष्कर्ष छापले. त्यांची दखल फारशी घेतली गेली नाही. अग्रक्रम केवळ तारखेवर ठरवायचा तर स्वीडिश जोडीचा दावा दुबळा पडतो. तरीही, प्रतिक्रियेचा उपयोग काय (रक्त हवेशीर भागाकडे वळविणे) हे स्पष्टपणे मांडण्याचे काम त्यांनी केले, त्यामुळे रूढ नाव अगदीच अन्यायाचे नाही. फोन यूलर यांना १९७० चे नोबेल पारितोषिक मिळाले, ते मात्र तंत्रिका-प्रेषकांवरील (तंत्रिकांमधून संदेश पोचविणाऱ्या रसायनांवरील) वेगळ्या कामासाठी. माणसांत हीच वाढ मॉटली, कूर्नां व सहकाऱ्यांनी १९४७ मध्ये दाखविली. त्यांनी हृदयात नलिका सरकवून १० टक्के ऑक्सिजनच्या श्वसनाचा परिणाम मोजला.

ऑक्सिजन कमी झाल्याचे ओळखणारा घटक कोणता, हा वाद अजून मिटलेला नाही. तो रोहिणीच्या अरेखित स्नायुपेशीतच असावा, याला १९९२ मध्ये दोन बाजूंनी बळ मिळाले. मॅडन व सहकाऱ्यांना मांजराच्या फुप्फुस रोहिणीतील सुट्या पेशी ऑक्सिजन घटताच आखडताना दिसल्या. पोस्ट, आर्चर, वेअर आदींनी कुत्र्याच्या पेशींत पोटॅशियमचा प्रवाह मंदावल्याचे नोंदविले. पोटॅशियम बाहेर पडेनासे झाले की पेशीपटलाचा विद्युत् भार बदलतो, कॅल्शियम आत शिरते व पेशी आखडते. इथपर्यंत बहुतेक संशोधक सहमत आहेत. मॅक्मर्ट्री व सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये उंदराच्या फुप्फुसांत कॅल्शियमरोधक औषधांनी संकोच दाबून दाखविला होता, तेही याच्याशी जुळते. मतभेद आहे तो आधीच्या पायरीबद्दल. कलकणांमध्ये (मायटोकाँड्रिया; पेशीतील ऊर्जानिर्मिती करणारे घटक) तयार होणारी ऑक्सिजनची क्रियाशील रूपे कमी होतात, असे आर्चर-वेअर गट म्हणतो; शूमॅकर व वेपा यांच्या मते ती वाढतात. दोन्ही बाजूंच्या मापनांत वापरलेली रंजके व पेशी भिन्न असल्याने थेट तुलना अवघड आहे. कलकण हाच संवेदक, एवढे मात्र दोन्ही पक्षांना मान्य आहे व प्रस्तुत नोंदीचा कलही तिकडेच आहे. जर्मनीतील गीसेन येथील वाइसमान गटाने २००६ मध्ये टीआरपीसी-६ या आयनमार्गाचे (पेशीपटलातून विद्युत्भारित कण आत-बाहेर जाऊ देणाऱ्या प्रथिनाचे) जनुक नसलेल्या मूषकांत संकोचाचा तत्काळ टप्पा आढळत नसल्याचे दाखविले. दीर्घकालीन अल्पऑक्सिजनाने होणारा फुप्फुसी उच्च रक्तदाब मात्र त्यांच्यातही झाला. तत्काळ व दीर्घकालीन परिणामांची यंत्रणा एकच मानणे त्यामुळे धोक्याचे ठरते.

प्रयोगशाळेत शरीराबाहेर काढलेल्या फुप्फुसातून ठरावीक वेगाने द्रव खेळवून दाबातील वाढ मोजतात. सुटी रोहिणी तारेवर ताणून तिचा ताणही मोजता येतो. पण तेथे बहुधा दुसऱ्या एखाद्या औषधाने रोहिणी आधीच थोडी आखडून घ्यावी लागते, हा आक्षेप जुना आहे. उंदरांना ३ ते ४ आठवडे १० टक्के ऑक्सिजनमध्ये ठेवले की रोहिणीभित्ती जाडावतात. माणसाच्या फुप्फुसी उच्च रक्तदाबातील गुंतागुंतीची विकृती त्यात पुरेशी उमटत नाही.

उंच प्रदेशात सगळेच वायुकोश ऑक्सिजनला मुकतात, त्यामुळे संकोच फुप्फुसभर पसरतो व तो उपकारक राहत नाही. भारतीय लष्करातील जवानांमध्ये उच्चस्थानीय फुप्फुसशोफाचे (उंचीवर फुप्फुसांत पाणी साचण्याच्या विकाराचे) सविस्तर वर्णन इंदर सिंग व सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये केले. सुमारे ५,८०० मी. वर व त्याहून उंच ठाण्यांवर दीर्घकाळ राहिलेल्या जवानांत उजव्या हृदयाची अकार्यक्षमता इंदर आनंद व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये वर्णिली. गुरांत हा संकोच विशेष तीव्र असतो. अमेरिकेतील कोलोरॅडोच्या डोंगराळ कुरणांवर चरणाऱ्या गुरांच्या छातीखाली सूज येऊन ती दगावतात, हे १९१५ च्या सुमारासच लक्षात आले होते. याकमध्ये हा संकोच जवळजवळ नाहीसा झालेला आहे. आनंद यांच्याच लडाखमधील पाहणीत याक व गाय यांच्या संकरातून झालेल्या झोमध्येही फुप्फुस रोहिणीचा रोध कमी आढळला, गायींमध्ये तो जास्त होता.