खडीच्या खाणीवरील जलगुणवत्तेचे रक्षण

नदीने वाहून आणलेली किंवा हिमनदीने मागे टाकलेली नैसर्गिक खडी काढताना, धुताना आणि साठवताना आसपासचे ओढे, नद्या, तळी व भूजल गढूळ किंवा दूषित होऊ नये, यासाठी केलेली आखणी आणि रोजची देखभाल. भूशास्त्रात साधारणपणे २ ते ६४ मिमी. आकाराच्या कणांना खडी म्हणतात. खडक फोडून यंत्रावर तयार केलेल्या खडीचा विचार येथे केलेला नाही.

नैसर्गिक खडीचा थर हा बहुधा पाण्याचाही साठा असतो. गोट्यांमधल्या पोकळ्यांतून पाणी मोकळेपणी वाहते, म्हणून अशा थरातल्या विहिरींना पाणी भरपूर लागते. त्यावरची माती झिरपणाऱ्या पाण्यातली घाण बऱ्याच अंशी धरून ठेवते आणि तिच्यातले जिवाणू काही द्रव्यांचे विघटन करतात. खाण सुरू करताना सर्वांत आधी हीच माती काढली जाते. पुढे खड्डा भूजलपातळीच्या खाली उतरला, की जमिनीच्या पोटातले पाणी थेट उघड्यावर येते. वर सांडलेल्या तेलाला वाटेत अडवणारे काही उरत नाही. त्यामुळे जेथे शक्य आहे तेथे भूजलाच्या वर खडीचा कोरडा थर राखून खोदाई थांबवणे श्रेयस्कर. ही पातळी वर्षातली सर्वांत वरची धरावी लागते. कोरड्या ऋतूत मोजलेल्या पातळीवर विसंबून आखलेला तळ पावसाळ्यात पाण्याखाली जातो.

रोजच्या कामात सर्वाधिक उपद्रव होतो तो बारीक गाळाचा. खडी धुतलेले पाणी काचेच्या बरणीत भरून ठेवले, तर वाळू पाहता पाहता तळाशी बसते, पण वरचे पाणी दुसऱ्या दिवशीही मातकटच दिसते. कण संथपणे बुडण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. स्थिर पाण्यात एक मीटर खाली जायला ०.१ मिमी. व्यासाच्या कणाला सुमारे दोन मिनिटे लागतात, ०.०१ मिमी.च्या कणाला तीन तासांहून थोडे अधिक, तर ०.००२ मिमी.च्या चिकणमातीच्या कणाला तीन दिवसांहून जास्त. असा गाळ ओढ्यात गेला, की तळातल्या गोट्यांमधल्या फटी बुजतात. सॅमन आणि ट्राउट हे मासे याच फटींत अंडी घालतात. खेळते पाणी थांबले की अंड्यांना प्राणवायू मिळत नाही. प्रवाह वरून निवळ दिसत असतानाही तळाशी हे नुकसान होऊन गेलेले असते.

म्हणून पहिला नियम असा, की स्वच्छ पाणी खाणीत येऊच द्यायचे नाही. वरच्या उतारावरून येणारे पावसाचे पाणी चर आणि बांध घालून बाहेरूनच वळवले, तर निवळायचे पाणी मुळात कमी उरते. हा उपाय स्वस्त आहे, आणि दुर्लक्षही त्याच्याकडेच अधिक होते. धुलाईचे पाणी निवळून पुन्हा धुलाईसाठीच फिरवले जाते. निवळतळी खोल केली म्हणजे काम झाले, हा समज चुकीचा आहे. गाळ किती बसेल हे मुख्यतः तळ्याचे क्षेत्रफळ आणि त्यातून जाणारा प्रवाह यांवर ठरते. पाणी एका टोकाने आत यावे आणि लांबच्या टोकाने बाहेर पडावे. दोन्ही तोंडे जवळ असली तर पाणी आडवाटेने निघून जाते आणि बाकीचे तळे नुसते भरलेले राहते. साचलेला गाळ वेळच्या वेळी उपसावा लागतो. चिकणमाती बसतच नसेल तर तुरटी किंवा बहुवारिक द्रव्ये (पॉलिमर, म्हणजे लांब साखळीसारखे रेणू असलेली द्रव्ये) वापरून कण एकत्र आणतात. मात्र धन विद्युत्भार असलेली बहुवारिके माशांच्या कल्ल्यांना चिकटतात, म्हणून ती जपून वापरावी लागतात.

डिझेल आणि वंगणाच्या टाक्यांभोवती पाणी न झिरपणारा कठडा बांधतात. टाकीच्या क्षमतेच्या ११० टक्के द्रव त्यात मावावा, असा प्रघात अनेक ठिकाणी आहे. यंत्रांत इंधन भरण्याची जागा खड्ड्याबाहेर, पक्क्या फरशीवर असावी.

नदीच्या पात्रातच खोदाई केली तर प्रश्न गाळापुरता राहत नाही. वरून येणारी वाळू खड्ड्यात अडकते, आणि रिकामे पुढे निघालेले पाणी खालचा तळ व काठ खरवडत जाते. खड्ड्याच्या वरच्या कडेपासून तळाची धूप प्रवाहाच्या उलट दिशेने सरकते. पूरमैदानातल्या खड्ड्याला आणि नदीला वेगळे करणारा बांध अरुंद ठेवला, तर मोठ्या पुरात नदी तो फोडून खड्ड्यात शिरू शकते.

देखरेखीसाठी प्रवाहात खाणीच्या वर आणि खाली अशा दोन्ही ठिकाणचे नमुने घेतात. ते भर पावसात घेतलेले असावेत. कोरड्या दिवशीच्या नमुन्यांवरून फारसे काही कळत नाही. भूजलासाठी निरीक्षण विहिरीही तशाच, भूजल येते त्या बाजूला आणि ते जाते त्या बाजूला खणतात.

खाण बंद झाल्यावर भूजलापर्यंत गेलेल्या खड्ड्याचे तळे होते. त्यात राडारोडा वा कचरा टाकून ते बुजवणे म्हणजे तो थेट विहिरींच्या पाण्यात टाकणे. काठावर दाट गवत व झुडपे राखली, तर शेतातून येणारी खते काही प्रमाणात अडतात आणि शेवाळाची बेसुमार वाढ रोखायला मदत होते. बारीक वाळू मिसळलेल्या थरांतून भूजल सावकाश सरकते. खाणीत झिरपलेले द्रव्य दूरच्या विहिरीत कधीकधी वर्षांनी उतरते, म्हणून निरीक्षण विहिरींतले नमुने काम थांबल्यानंतरही घेत राहावे लागतात.