बग रिपोर्ट

सॉफ्टवेअरमध्ये आढळलेला दोष वापरकर्त्याने विकसकाला कळविण्यासाठी केलेले लेखी निवेदन.

‘बग’ (इंग्रजीत शब्दशः कीटक; येथे दोष) हा शब्द हार्व्हर्ड विद्यापीठाच्या मार्क-२ संगणकात सापडलेल्या पतंगावरून रूढ झाला, असा समज आहे. रिलेत (विजेवर चालणाऱ्या यांत्रिक स्विचमध्ये) अडकलेला तो पतंग ९ सप्टेंबरच्या नोंदीखाली वहीत चिकटवलेला असून ती वही स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. काही लेखक ही घटना १९४५ ची मानतात. तथापि मार्क-२ तेव्हा पूर्ण झालेला नसल्याने १९४७ हेच वर्ष अधिक ग्राह्य वाटते. शब्द मात्र त्याहून बराच जुना असावा. एडिसनच्या १८७८ मधील पत्रांत यंत्रातील किरकोळ दोषांसाठी तो आलेला आहे. शिवाय ‘खराखुरा बग सापडल्याचा पहिला प्रसंग’ अशा आशयाची वहीतील ओळ, शब्द आधीपासून रुळलेला असेल तरच अर्थपूर्ण ठरते. मार्क-२ वर काम केलेल्या संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांनी ही हकिकत व्याख्यानांतून सर्वदूर पोहोचविली. पतंग त्यांनीच शोधला, हे विधान टिकत नाही.

निवेदनात आवृत्ती, दोष घडेपर्यंत केलेल्या कृतींचा क्रम, अपेक्षित परिणाम आणि प्रत्यक्ष परिणाम यांची नोंद असावी. यांत कृतिक्रम सर्वांत मोलाचा, कारण दोष स्वतःच्या यंत्रावर पुन्हा घडवून पाहता आला नाही तर विकसकाला तर्कावरच विसंबावे लागते. अपाची, एक्लिप्स व मोझिला या सॉफ्टवेअर-प्रकल्पांत झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत विकसकांनी कृतिक्रमाला अग्रस्थान दिले. वापरकर्त्यांना मात्र तोच देणे अवघड जाते. ‘फाइल सेव्ह होत नाही’ असे लिहिणाऱ्याला आपण आधी फाइलचे नाव बदलले होते, हे सांगण्याजोगे वाटत नाही, आणि दोषाचे मूळ कदाचित तिथेच असते. म्हणून वापरकर्त्याने कारणाचा अंदाज बांधण्याऐवजी पडद्यावर दिसले ते, त्रुटी-संदेशाच्या मूळ शब्दांसह, कळविणे श्रेयस्कर.

निवेदनांच्या नोंदीसाठी डेबियन या मुक्त-सॉफ्टवेअर प्रकल्पाने १९९४ पासून स्वतंत्र प्रणाली वापरली. मोझिलाची बगझिला १९९८ ची. बगझिलातील ‘वर्क्स फॉर मी’ (माझ्याकडे चालते) हा शेरा निवेदकाला अविश्वास दाखविल्यासारखा वाटतो. वस्तुतः विकसकाच्या यंत्रावर दोष दिसला नाही, एवढेच त्यातून कळते. अशा वेळी विकसकाने कोणती माहिती हवी ते विचारावे, निवेदन परस्पर बंद करू नये. गंभीरता व प्राधान्य यांतही गल्लत होते: पहिली दोषाने होणारी हानी दर्शविते, दुसरे दुरुस्तीचा क्रम.

सुरक्षाविषयक दोष दुरुस्तीपूर्वी जाहीर न करता खासगीरीत्या कळविण्याचा प्रघात आहे.